इंदुरीच्या वाटेवर उभी केलेली काठी

माझा मेहुणा मोटार चालवायचा म्हणजे ती ओरडत ठेवायचा. तिच्यावर भरवसा ठेवून मी बिनतारीच्या शर्यतीला निघालो, हा माझा पहिला गाढवपणा. बाकीचे ओळीनं येतीलच.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा चैत्र होता. मी लोणावळ्याला स्टेशनात तारमास्तर. दिवसभर तारेवर खटखट करायची आणि घरी येऊन पुन्हा तेच, फक्त तारेशिवाय. सरकारी परवाना काढून मी स्वतःच्या हातानं बिनतारी यंत्र जोडलं होतं. स्टेशनात किल्ली दाबली की पलीकडून लगेच उत्तर. घरात दोन वर्षं दाबत होतो, उत्तर म्हणून एक नाही. चहूकडे डोंगर. माझी हाक टायगर पॉइंटला आपटून परत माझ्याच डोक्यावर पडत असावी.

बायकोनं पुष्कळ सोसलं. कानाला यंत्राचे फोन लावले की मला जगाचं भान नसे. ताट वाढलंय, पाणी आलंय, दूध उतू गेलंय, ती हाका मारायची आणि मी ढिम्म. मग एक दिवस माझे सासरे तळेगावहून आले. बायको शेजारी गेलेली. म्हातारा पायरीवर उभा राहून हाका मारतोय आणि जावई आतल्या खोलीत कानाला फोन लावून बसलेला. अर्धा तास वाट बघून ते पुढच्या गाडीनं परत गेले. हे कळलं तेव्हा बायको ओरडली नाही, तिथंच माझी पाचावर धारण बसली.

"अहो, दोन वर्षांत तुमच्या त्या डबड्यावर एक माणूस बोललाय?" तिनं विचारलं.

"अजून नाही."

"ती शर्यत का काय आहे ना, तेवढी करा. एका माणसाचं जरी उत्तर आलं तरी राहू दे यंत्र, मी चकार शब्द काढणार नाही. नाही आलं तर सोमवारी सगळं सुटं करून ट्रंकेत."

मी कबूल झालो. शर्यत अशी होती की रविवारी दहा ते चार या वेळात, यंत्र गाडीत घालून तीन वेगवेगळ्या गावांहून हाक द्यायची आणि जितकी उत्तरं येतील तितकी टिपायची. डोंगर सोडून मोकळ्या मावळात उतरलो की उत्तरांचा पाऊस पडणार, अशी माझी खात्री.

मेहुण्याची मोटार एरवी बंगलेवाल्यांना स्टेशनावर आणायची. तिच्या टपावर एरियलसाठी वीस फुटी बांबू आडवा बांधला. तो मागं लांब बाहेर येत होता, म्हणून मेहुण्यानं त्याच्या टोकाला लाल फडकं बांधलं. ओझं बाहेर आलं की लाल फडकं बांधायचं, हा रस्त्याचा नियमच आहे. त्यात त्याची चूक नव्हती. ती पुढं घडली.

पहिला मुक्काम कामशेत. मी सांगितलं, इंजिन बंद कर. त्यानं केलं. तासभर किल्ली बडवली. कानात नुसती शांतता. निघायला गेलो तर मोटार सुरू होईना! हँडल मारून मारून मेहुण्याच्या हाताला फोड आले. शेवटी अर्धा बाजार लोटायला आला, वर फुकटचे सल्ले.

"दाजी, आता देव जरी म्हनला तरी इंजिन बंद करायचो न्हाई," मेहुणा म्हणाला.

"अरे, ते चालू असलं की कानात तडतड होते!"

"होऊ द्या की. तसंबी तुमाला कोन बोलतंय?"

तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलणं खरं होतं. वडगावला तासभर तडतड ऐकली. उत्तर नाही.

तिसरं गाव इंदुरीच्या वाटेवरचं. नाव सांगत नाही, बिचारी माणसं चांगली होती. पावणेतीन वाजलेले, ऊन टाळूत शिरतंय. शिवेवर मोकळं माळरान बघून बांबू उभा केला, मोटारीच्या मागं आवळून बांधला. कानाला फोन लावतोय तोच हलगी वाजायला लागली. वळून बघतो तर सगळं गाव आमच्याकडं येतंय! पुढं हलगीवाले, मागं कळश्या घेतलेल्या बाया.

त्या दिवशी त्यांच्या देवीची जत्रा होती. आजूबाजूच्या गावांच्या काठ्या यायच्या होत्या. काठी म्हणजे उंच बांबू, टोकाला लाल निशाण. ती शिवेवर आली की गावानं सामोरं जायचं, पाणी घालायचं आणि वाजतगाजत देवळाशी न्यायचं. आमच्या बांबूला लाल फडकं तसंच होतं. शिवेवर उभीही आम्हीच केली. आता त्यांनी दुसरं काय समजावं?

"अहो थांबा, ही काठी नव्हे!" मी ओरडेपर्यंत चार कळश्या बांबूवर आणि दोन मोटारीच्या चाकांवर रिकाम्या झाल्या. बांबूला हळद लागली, कुंकू लागलं. माझ्या कपाळालाही लागलं. पागोटंवाले एक आबा पुढं आले. त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आसंल बाबा तुजं काय यंत्र. पन शिवंवर उबी ऱ्हायली, पानी घातलं. आता देवळाच्या शिखराला टेकवल्याबगर आडवी करायची न्हाई."

"आबा, मला चारच्या आत काम उरकायचंय हो!"

"मग बिगीबिगी चला की."

मेहुण्याला तर उकळ्याच फुटल्या होत्या. मोटार हलगीच्या तालावर टेकाडावरच्या देवळाकडं निघाली. मी मागं ओला बांबू धरून चालतोय आणि मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करतोय. एवढी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती. बांबू शिखराला टेकला, उदो उदो झाला, खोबरं वाटलं. साडेतीन वाजले.

तिथंच बसलो. किल्ली दाबायला लागलो. कानात तडतड, बाहेर हलगी.

"अहो, गप्प बसा जरा!" मी खेकसलो.

आबांनी हात वर केला. हलगी थांबली. जत्रेच्या दिवशी साऱ्या गावानं माझ्यासाठी वाजवायचं थांबवलं, पोरंसोरं गप्प केली. चालू होतं ते फक्त आमच्या मेहुण्याचं इंजिन. एवढी शांतता केल्यावरही कानात तडतड होतेय म्हणजे बांबू भिजला आणि एरियलचा सत्यानाश झाला, हे मी ठरवूनच टाकलं. इंजिन बंद करून बघावं, हे सुचायला डोकं थंड लागतं.

शेजारी बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मार बाबा हाक. हितनं पोचती."

"मावशी, तुम्हीच पाणी ओतलंत ना? मग आता उगीच बोलू नका."

चार वाजले. कागद कोरा.

सोमवारी संध्याकाळी यंत्र सुटं केलं, जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत भरलं आणि ट्रंक माळ्यावर चढवली. दिलेला शब्द. चार दिवस मी जेवायच्या पहिल्या हाकेला पानावर हजर.

शुक्रवारी पोस्टकार्ड आलं. कोणाची हाक ऐकली की त्याला कार्ड टाकायचं, हा आम्हा बिनतारीवाल्यांचा रिवाज. नगरच्या एका शाळामास्तरांनी लिहिलं होतं: "रविवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी आपली हाक इथं अगदी स्पष्ट ऐकू आली. चार वेळा उत्तर दिलं. आपण मात्र घेतलं नाही. काही बिघाड होता का?"

तीन चाळीस! म्हणजे देवळापाशी! ओल्या बांबूवरून! आणि मास्तरांची उत्तरं गिळली ती मेहुण्याच्या इंजिनाच्या तडतडीनं! ती म्हातारी खरं सांगत होती आणि मी तिच्यावर गुरगुरलो होतो.

बायकोनं कार्ड हातातून घेतलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग स्टूल लावून माळ्यावरची ट्रंक स्वतः खाली ओढली आणि माझ्यासमोर आपटली.

"उत्तर आलं होतं. जोडा परत," ती म्हणाली. "चार वेळा ओ दिली बिचाऱ्या मास्तरांनी, आणि यांना पत्ता नाही. मी दोन वर्षं हाका मारतेय."

मी कार्डाकडं बघत बसलो होतो.

"बघा," ती म्हणाली, "आत्तासुद्धा."