दुसऱ्या रिमोटला बटण नसतं

सोलापुरात व्हिडिओ गेमच्या हातात धरायच्या वस्तूला रिमोट म्हणतात आणि मशीनमध्ये खुपसायच्या चौकोनी डबीला कॅसेट. दोन्हींची खरी नावं मला ठाऊक आहेत. पण दुकानात बसून गिऱ्हाइकांची शिकवणी घ्यायला लागलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, म्हणून मीही रिमोट आणि कॅसेटच म्हणते.

मी आयटीआयला रेडिओ-टीव्हीचं काम शिकले. पुढे टीव्ही चपटे होऊन भिंतीला चिकटले. त्यांची काच गेली की ते फेकूनच द्यायचे असतात, त्यामुळे माझं शिक्षणही फेकल्यासारखं झालं. तेवढ्यात लोकांनी माळे साफ करायला घेतले आणि लहानपणीचे व्हिडिओ गेम खाली उतरले. पिकल्या मिशांचे पुरुष पिशवीतून मशीन काढतात आणि 'हे पोरांसाठी हं' असं न विचारता सांगतात. मी जुन्या मशीनला नव्या टीव्हीत बसतील अशा तारा जोडून देते, बटणांची रबरं बदलते, वायर लांब करून देते, कारण पूर्वी जमिनीवर बसणारी माणसं आता सोफ्यावर बसतात. डॉक्टर 'जीभ दाखवा' म्हणतात, तसं मी आधी 'फुंकर मारून झाली का?' विचारते. कॅसेटमध्ये फुंकर मारल्याने काही होत नाही, उलट थुंकी उडून पितळ काळं पडतं. हे सांगितलं की लोक मान डोलावतात आणि माझ्यासमोरच एक फुंकर मारतात. एकाने तर कॅसेट तुरटीच्या पाण्यात धुऊन आणली होती.

या मशीनला दोन रिमोट असतात. दिसायला जुळे, पण पहिल्याला 'स्टार्ट'चं बटण असतं आणि दुसऱ्याला नसतं. खेळ सुरू करायचा, मध्येच थांबवायचा, पुन्हा सुरू करायचा, सगळं पहिल्याच्या हातात. दुसऱ्याने नुसतं खेळायचं. ज्याने हे ठरवलं तो परदेशातला असला तरी त्याने आपली घरं आतून पाहिली असणार, असा मला संशय आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाला एक मुलगी दुकानात आली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, ती तिने आत आल्यावरच सोडली. पर्समधून दुसरा रिमोट काढून काउंटरवर ठेवला.

"काकू, ह्याला थांबवायचं बटण बसवून मिळंल का?"

"याला ते नसतंच."

"म्हणून तर आलीय की. अत्ता थांबवत्यात तवाच थांबतंय."

"आत्ता कोण थांबवतंय?"

"अत्ता वो. आमच्या सासूबाई."

तेलुगूत सासूला अत्ता म्हणतात. आमच्या भागात विणकरांची निम्मी घरं तेलुगू बोलतात, त्यामुळे हे मला कळायला हवं होतं, पण उन्हात माझं डोकं उशिरा चालतं. मुलगी होती कुर्डुवाडीची, मराठी घरातली. इथल्या एका तेलुगू मुलाशी तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं होतं. सासरच्यांनी मुकाट्याने घरात घेतलं. माहेरचं कोणी लग्नाला आलं नाही.

तिची सासू उभा जन्म बिड्या वळत आली होती. काम सोडलं तशी बोटं आखडायला लागली. डॉक्टर म्हणाले, बोटं चालती ठेवा. मुलाने माळ्यावरचा आपला लहानपणीचा व्हिडिओ गेम काढून आईच्या हातात रिमोट दिला, आणि त्या बाईने बिडी वळणाऱ्या बोटांनी पडद्यावरच्या रणगाड्यांचा असा काही फडशा पाडला की दुपारचं जेवण झालं की घरात युद्ध सुरू. त्या खेळात दोघांनी मिळून मध्ये बसलेला एक पक्षी सांभाळायचा असतो. आहे तो गरुड. सासूबाई त्याला कोंबडी म्हणत. कोंबडीच्या डाव्या बाजूला सासू, उजव्या बाजूला सून.

"मग नको वाटलं तर उठावं की," मी म्हटलं.

"डाक्टरनी सांगितलेलं औषध हाय ते. औषध चालू असताना उठत न्हायत आमच्यात. मी हललं की कोंबडी मरती, आन कोंबडी मेली की त्या सांजच्यापर्यंत बोलत न्हायत."

"पण मध्येच थांबवायचं कशाला? दूध उतू जातं का काय?"

मग तिने खरं कारण सांगितलं. तिचे वडील अजून तिचं नाव घेत नव्हते. आई दुपारी, ते कामावर असताना, शेजारणीच्या फोनवरून हिला फोन करायची. उलटा फोन करायची सोय नव्हती, कारण शेजारीण उचलेल तेव्हा आई तिथे असेलच असं नाही. फोन नेमका युद्धाच्या वेळेला कमरेला गुरगुरायचा आणि गुरगुरून बंद व्हायचा.

"सासूबाईंना सांग की सरळ."

"काय सांगू? ज्यांनी तुमच्या घराला नावं ठेवली, त्यांचा फोन येतोय म्हणून? चांगल्या हायत वो त्या. म्हणून तर सांगवत न्हाय." मग ती रिमोटकडे बघत म्हणाली, "आई काल म्हणली, तू आता मोठ्या घरची झालीस. मला लई लागलं."

मला राग आला. कोणाचा ते नक्की कळेना, तेव्हा मी तो रिमोटवर काढला आणि स्क्रू सोडायला घेतले. दुसऱ्या रिमोटला नुसतं बटण लावून भागत नाही, मशीन त्याचं ऐकतच नाही. ते बटण पहिल्या रिमोटच्या स्टार्टला नेऊन जोडावं लागतं. म्हणून मी तिला पहिला रिमोटही आणायला लावला. मोडक्या कॅल्क्युलेटरचं एक बारीक बटण दुसऱ्याच्या पाठीला बसवलं, बोट नेमकं जातं तिथे. तिथून एक लाल तार दोन्हींच्या वायरींच्या कडेने पहिल्या रिमोटच्या पोटात नेली आणि वरून काळी पट्टी गुंडाळली. कोणी विचारलं तर सांग, म्हटलं, गुंता होऊ नये म्हणून बांधल्यात. सासू-सुनेच्या दोन वायरी एकत्र बांधताना मला उगाच हसू येत होतं.

आठवडा गेला असेल. एक ठेंगणी बाई भर उन्हात छत्री घेऊन आली, मशीन टॉवेलात गुंडाळून कडेवर घेतलेलं. तान्हं मूल आजारी असावं तसा चेहरा. टॉवेलाबाहेर लोंबणाऱ्या रिमोटच्या वायरींवरची काळी पट्टी मी ओळखली.

"अक्का, हे आपोआप थांबायलंय."

"कधी?"

"दुपारी. एकदम. रणगाडे हवेत गोळा सोडतात आणि गोळा तिथंच राहातो. मीठ-मोहरीने दृष्ट काढली. फरक न्हाय. आमच्या मालकांच्या मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. तसं आत काही तुटलंय का बघा."

मी मशीन उघडलं. आत काहीही तुटलेलं नव्हतं, उलट बाहेर रिमोटांत मीच जास्तीचं जोडलेलं होतं. खरं सांगावं तर ती मुलगी उघडी पडणार. 'बिघाड नाही' म्हणावं तर माझं दुकान खोटं ठरणार. बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. बाहेर डांबर पाघळत होतं.

"ऊन लागलंय याला," मी म्हणाले.

एवढं बोलून गेल्यावर मला वाटलं, आता ही हसेल. पण सोलापुरात ऊन लागणं ही हसायची गोष्ट नाही. बाईंनी लगेच पदराचं टोक मशीनवर धरलं.

"मग काय करायचं?"

"थांबलं की थांबू द्यायचं. बळजबरी करायची नाही. आपणही जरा पडायचं."

"आणि कांदा?"

घराबाहेर पडताना आम्ही खिशात कांदा ठेवतो, ऊन बाधू नये म्हणून. आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. "ठेवा," मी म्हणाले, "पण कापलेला नको."

झालं ते असं की माझ्या तोंडून सुटलेला तो कांदा गल्लीभर फिरला. मशीनच्या पिशवीत कांदा घालून गिऱ्हाइकं येऊ लागली. एकाने इनव्हर्टरवर ठेवला. एक मास्तर मला येऊन शास्त्र समजावून सांगू लागले की कांदा उष्णता ओढून घेतो, म्हणून मशीनचे आतले भाग गार राहतात. मी 'हो का' म्हणाले. एका गृहस्थाचं मशीन मी नीट करून परत दिलं तर तो तक्रार घेऊन आला की शेजाऱ्याला कांदा सांगितला आणि मला का नाही. त्याला मी रागाने लसूण सांगितला. तोही त्याने ठेवला.

मुलगी मात्र मधूनच दुकानावरून जाताना मान हलवून जायची. दुपारी युद्ध थांबत होतं, अत्ता आडव्या होत होत्या, आणि ती मागच्या दारात उभी राहून आईशी बोलत होती. एकदा आत डोकावून म्हणाली, "आईनं शेंगाचटणी केली तर मला वास आल्यागत वाटलं, काकू." तेवढंच बोलून गेली.

मग एके सकाळी सासूबाई परत आल्या. मशीन सुखरूप होतं, पण पहिल्या रिमोटचं गोळे सोडायचं बटण पार बसलं होतं. इतके गोळे सोडल्यावर कोणतंही रबर बसेल. दोन्ही रिमोट एकत्र बांधलेले, म्हणून दोन्ही आणले होते. मी सवयीने पहिला उलटा केला, स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि मग माझ्या लक्षात आलं की आत लाल तार आहे आणि बाई काउंटरवर ओणवी होऊन बघतेय.

"ही लाल कुठं जाती?"

मी रबर शोधण्याचं नाटक केलं. बाईंनी बोट तारेवर ठेवलं आणि काळ्या पट्टीवरून चालवत नेलं, सावकाश, बिडीच्या पानावरून फिरवावं तसं. दुसऱ्या रिमोटपाशी आल्या, तो उलटा केला, पाठीवरचं बारीक बटण चाचपलं. दाबून पाहिलं. टक् झालं.

"ऊन," त्या म्हणाल्या.

आता त्या मुलीचं काय होणार, एवढंच डोक्यात होतं. घरात बोलणी बसतील, फोन बंद होतील, आणि कुर्डुवाडीची ती बाई शेजारणीच्या दारात उभी राहून परत जाईल. आणि हे सगळं मी स्क्रू काढले म्हणून.

"थांबलं की ती मागच्या दारात जाती," बाई म्हणाल्या. "बोलती कुणाशी तरी. हसती पण. आईशी व्हय?"

मी मान हलवली नाही, पण माझं तोंड जन्मापासून फितूर आहे.

बाई स्टुलावर बसल्या. "लग्नाला आले न्हाईत ते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, हिला कुणीच न्हाय. म्हणून दुपारी जवळ बसवून घ्यायची मी तिला. एकटी पडंल म्हणून."

"आणि तुमची बोटं?"

"बोटांना काय धाड भरलीय," त्या म्हणाल्या. "ती पहिल्या महिन्यातच सुटली."

मला रडूच आलं, म्हणून मी खाली वाकून रबर शोधलं. वर आले तेव्हा त्या दुसरा रिमोट हातात तोलत होत्या.

"इतकं बारीक बटण कशाला लावलं? घाईत बोटाला लागंल तरी का? मोठं लावा. आणि तिला सांगू नका मला कळलंय म्हणून. लाजंल ती."

माझ्याकडे गिरणीच्या जुन्या पॅनलमधलं एक लाल बटण होतं, लिंबाएवढं. तेच हाताला आलं, तेच मी बसवलं. बाईंनी पसंत केलं आणि मुलीला न सांगण्याचं माझ्याकडून वचन घेतलं.

दोन-चार दिवसांनी मुलगी आली ती घाबरूनच. एकत्र बांधलेले दोन्ही रिमोट ओढणीत लपवलेले.

"काकू, बटण मोठं झालं."

वचन दिलेलं होतं. "उन्हाने वस्तू फुगतात," मी म्हणाले. "शाळेत शिकवलं नाही?"

"रंग पण बदलतो व्हय?"

"कडक ऊन असेल तर."

तिने बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आन आणखी एक," ती म्हणाली. "फोन गुरगुरला की मी दाबते, तर खेळ थांबायच्या ऐवजी जोरात चालूच राहतोय. कोंबडी मरायलीय रोज. आन अत्ता रागावत पण न्हायत. मी बटण दाबलं की त्या छताकडं बघत्यात."

मला एका क्षणात सगळं समजलं. स्टार्ट एकदा दाबलं की खेळ थांबतो, परत दाबलं की सुरू होतो. फोन गुरगुरला की सासूबाई आपलं बटण दाबून थांबवत होत्या, आणि त्याच्या पाठोपाठ ही आपलं दाबून सुरू करत होती. दोघी मिळून रोज एक कोंबडी मारत होत्या.

"तू दाबू नकोस," मी म्हणाले.

"मग थांबणार कसं?"

"थांबेल. फोन आला की नुसती ऊठ."

"न दाबता?"

"न दाबता."

"त्यांच्या म्होरं?"

"त्यांच्यासमोर. तिथेच बसून बोललीस तरी चालेल."

तिने दोन्ही रिमोट छातीशी धरले. छताकडे बघणारी सासू तिला आता नीट दिसली असावी, कारण तिचे डोळे भरून आले आणि ती ते पुसायलाही विसरली. मग तिने ओढणी गुंडाळायला घेतली.

"हे बटण मग काढून टाकायचं का?"

"राहू दे," मी म्हटलं. "उन्हाळा आहे अजून."