लँकशायरचा हॉटपॉट

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या शेजारी एक म्हातारा राहायचा. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होता. साहेब मायदेशी जाऊन दोन तपं उलटली, तरी हा दर रविवारी आमच्या मटणाच्या मुळावर उठायचा.

मटण आणलं की दारात हजर! "सूनबाई, वाटण ठेवा बाजूला. मेमसाबच्या लँकशायरचा हॉटपॉट करू." म्हणजे मटण, कांदा, मीठ, मिरी. वर बटाट्याच्या चकत्या कौलांसारख्या रचायच्या आणि दुपारपर्यंत शेगडीवर शिजवायचं. आजाऱ्याचं पथ्य बरं! एकटा जीव, म्हणून नाही म्हणवत नसे. वर पहिल्याच घासाला हा मान हलवणार, "न्हाई. ती चव न्हाई."

शेवटी बायको वैतागली. एका रविवारी त्याची पाठ वळताच तिनं पातेल्यात मूठभर कांदा-लसूण मसाला लोटला. आता म्हातारा भडकणार, म्हणून आम्ही वाट बघत बसलो.

त्यानं घास घेतला आणि चावायचाच थांबला. डोळे भरून आले. "हीच! हीच ती चव!"

"आबा, मसाला घातलाय त्यात," मी चिडून म्हणालो. "मेमसाब मसाला खायची?"

"छ्या! बंगल्यावरचं उरलेलं मी घरी न्यायचो. आमची कारभारीण नुसतं गरम करून वाढायची."

"नुसतं गरम?" बायकोनं विचारलं.

म्हाताऱ्यानं ताटातला रस्सा बोटानं पुन्हा चाखला.

"चुलीपाशी मला कवा येऊ दिलं तिनं?"