अकराच्या ठोक्याचा हात

मामांनी अख्खी नोकरी वीज उपकेंद्राच्या एकाच खोलीत काढली. वरचा पंखा कुरकुरायचा, खाली मामा. पण शहरातले दिवे जरा मंदावले की पहिला जीव त्यांचाच कासावीस व्हायचा. सकाळी अकराला कारखाने सुरू होतात, व्होल्टेज पडतं. म्हणून बरोब्बर अकराला यंत्राची मूठ फिरवून ते व्होल्टेज दोन घरं चढवायचे. तीस वर्षं, एका दिवसाचा खाडा नाही!

आता सख्ख्या भाचीनेच माळावर सोलरचा प्लांट टाकून याच उपकेंद्राला जोडला होता, आणि महिनाभर तो रोज भर उन्हात बंद पडत होता.

"तुझा सूर्य भारी नाजूक गं," मामा फोनवर म्हणायचे.

"तुमच्या तारा म्हाताऱ्या झाल्यात, मामा!"

निदान हे दोघं भांडत तरी होते. दोन्हीकडचे साहेब नुसती पत्रं पाठवायचे. वीज कंपनीच्या शेवटच्या पत्रात होतं, उपकेंद्राने अहवाल द्यावा. दोष प्लांटचा निघाला तर जोडणी कायमची तोडू. आणि अहवाल लिहिणार कोण? मामा.

भाची तणतणत उपकेंद्रात आली. "सहा वर्षं घासलेय मी त्या प्लांटसाठी. इथे काय चालतं ते बघू दे मला."

"बघ की! मी काय लपवतोय?"

भांडण ऐन रंगात आलं आणि अकरा वाजले. मामांनी बोलता बोलता, न बघताच, मूठ फिरवली. पूर्वी कारखान्यांमुळे पडणारी तूट आता भाचीचा प्लांटच भरून काढत होता. काटा आधीच वर होता, तो आणखी चढला. दहा मिनिटांत तिचा फोन वाजला. व्होल्टेज जास्त झालं, प्लांट आपोआप बंद.

तिने मुठीकडे बोट दाखवलं. मामांनी नोंदवही ओढली. रोज, त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरात: अकरा, व्होल्टेज चढवलं. अकरा दहा, सोलर बंद. दोन ओळी रोज लिहिल्या. एकत्र कधी वाचल्या नाहीत.

"अरे देवा! तुझा गळा मीच दाबत होतो की गं!" मामा म्हणाले.

अहवाल त्यांनी तिथेच लिहिला: प्लांट ठणठणीत आहे. चूक ऑपरेटरच्या हाताची. खाली ठसठशीत सही.

दुसऱ्या दिवशी अकराला मामांनी उजवा हात भाचीपुढे केला. "धर घट्ट. मेला ऐकायचा नाही."

अकरा वाजले. हात खरंच मुठीकडे ओढ घेऊ लागला. अकरा दहा होईपर्यंत तिने तो सोडला नाही. फोन वाजलाच नाही.