दोन रिंगा

माझा मुलगा ठाण्याला एका कंपनीत मोबाईलचे स्क्रीन डिझाइन करतो. लोकांनी बोट कुठे ठेवायचं हे तो ठरवतो आणि त्याचा त्याला पगार मिळतो. चांगलं आहे. पण एका रविवारी डोंबिवलीला आला, जेवला आणि माझा फोन हातात घेऊन म्हणाला, "आई, काय कचरा करून ठेवलायस हा!"

कचरा! अरे, माझा मिसळणाचा डबा बघ. हळद कुठे, मोहरी कुठे, डोळे मिटून हात जातो. फोनही मी तसाच लावलेला. पंचांग वर, भिशीचा ग्रुप मधे, आणि खाली उजवीकडे, अंगठ्याखाली, म्हशीचा फोटो. तो दाबला की टिटवाळ्याला माझ्या धाकट्या बहिणीला फोन लागायचा. लहानपणापासून मी तिला म्हैसच म्हणते, नंबरही त्याच नावाने सेव्ह केलेला.

ती तिथे नव्या बिल्डिंगमध्ये एकटी राहते. बोलायला लागलो की आम्ही भांडतो, म्हणून मिस्ड कॉल. सकाळी चहा झाला की ती दोन रिंगा देऊन कट करणार, मग मी दोन देणार. अर्थ एवढाच, की आहे बाई अजून.

मुलाने बसल्या बसल्या सगळं पुसलं. स्क्रीनवर चार मोठे चौकोन उरले: तो, सूनबाई, डॉक्टर, अॅम्ब्युलन्स. "एकदम सिंपल. आणि यांच्याशिवाय कुणाचाच फोन वाजणार नाही, म्हणजे फसवे कॉल बंद." मी म्हटलं, अरे, विचारायचंस तरी. तर हसला. म्हणे, युजरला काय हवं ते युजरलाच माहीत नसतं. मी याची आई, आणि युजर!

दुसऱ्या दिवशी सकाळी रिंग आली नाही. मला वाटलं, फुगली असेल, तिचं नेहमीचंच. मी फोन लावायला गेले तर म्हैस जागेवर नाही. चौकोन सरकवून सरकवून बोट दुखलं, शेवटी टॉर्च लागला. दुपारी शेजारणीकडे गेले. तिने कुठूनतरी आत शिरून न वाजलेल्या फोनची यादी काढली. म्हैस, म्हैस, म्हैस. खाली खाली नुसती म्हैस. तिथूनच परत लावला, तेव्हा कळलं.

ती सकाळीच बाथरूममध्ये घसरली होती. फोन गाऊनच्या खिशात होता म्हणून हाताला लागला, आणि तिने मलाच लावला. पुन्हा पुन्हा मलाच. शेवटी बिल्डिंगमधल्या कुणीतरी कण्हणं ऐकून कडी तोडली आणि तिला कल्याणच्या हॉस्पिटलात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

मी गेले तेव्हा तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "कट नाही गं केला मी," म्हणाली. "वाजू दिला."

मी तिला चौकोनांचं सांगितलं. तिने ऐकलं की नाही, देव जाणे.

संध्याकाळी मुलगा आला, तेव्हा मी त्याला तिथेच झापलं. म्हणाला, "आई, मला वाटलं, म्हैस म्हणजे तबेलेवाला असेल. असं कोण सेव्ह करतं? हा एज केस आहे." म्हणजे काय, विचारलं. म्हणे, क्वचित कुणाच्या बाबतीत होणारी गोष्ट, तिच्यासाठी डिझाइन करत नाहीत. सख्खी मावशी समोर पडलेली, आणि म्हणे क्वचित! असा संताप आला मला.

त्याला काही कळलं नाही. उशीजवळचा मावशीचा फोन उचलून म्हणाला, "मावशी, तुझाही सिंपल करून देतो." आणि बोट फिरवता फिरवता थांबला. "ही कैदाशीण कोण गं? काढून टाकू?"

बहिणीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "कधीतरी उचलेल ती."