वेल्डिंगच्या उजेडात मायला दिसलेला माणूस

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आणि आजही 'आहे' असं तोंडातून निघत नाही. आमचं घर बौद्ध. धर्मांतरानंतर वडिलांनी देव्हारा काढला, त्याबरोबर अंगात येणं, उतारे, सगळंच उंबऱ्याबाहेर गेलं. गावात भानामतीची आवई उठली, की ते आम्हाला मुद्दाम पाटी घेऊन बसवायचे. त्यात माझा धंदा वेल्डिंगचा. सांधा धरला तर धरला, नाहीतर सुटला – तिथं 'असेल बुवा' चालत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. ढोकीजवळच्या एका वस्तीवर आमचं घर होतं. मी सहकारी साखर कारखान्यात वेल्डर. घरात मी, माझी बायको कमळ आणि माय. वडील वारले होते. मायला अजिबात दिसत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात माझा थोरला भाऊ किसन खडी फोडायचं काम सोडून मुंबईकडं गेला. काम लागलं की येतो म्हणाला आणि पुन्हा आलाच नाही. त्यानंतर मायचे डोळे गेले. वस्ती म्हणायची, रडून गेले. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, नस सुकली, आता हिला उजेडसुद्धा कळायचा नाही. मी तेव्हा चौथीत होतो. मायनं मला शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

म्हणून की काय, मी घरात आलो की मायचा हात आधी कमरेच्या उंचीवर यायचा, चौथीतल्या पोराचं डोकं चाचपायला. तिथं काही लागलं नाही की हसून वर जायचा. मी चिडवायचो, "माय, तुझ्या पोराचं लगीन झालंय." पण आत कुठंतरी टोचायचं. ती किसनची वाट पाहायची, आणि मी समोर असून तिच्यासाठी अजून अर्ध्या चड्डीतच होतो.

त्या उन्हाळ्यात विहाराला लोखंडी दरवाजा करून द्यायचं मी कबूल केलं. मशीन ओळखीच्या दुकानातून आणलं, करंट शेजारच्या पिठाच्या गिरणीतून घेतला. संध्याकाळी आमच्याच अंगणात काम सुरू केलं. कमळला सांगितलं, उजेडाकडं पाठ करून उभी राहा. मायला आत जा म्हटलं, तर ती समोरच बाजेवर बसून राहिली. म्हणाली, मला काय व्हतंय डोळ्याला. आम्हालाही ते पटलं.

तोंडापुढं काळ्या काचेची ढाल धरली आणि रॉड टेकवला. थोडा सांधा झाला असेल, तोच माय शांतपणे म्हणाली, "कमळ, किसन आलाय."

मी थांबलो. उजेड गेला. "गेला," माय म्हणाली. "लाव की परत."

मी परत रॉड टेकवला. माय सावकाश बोलत राहिली, "उकिडवा बसलाय. शर्टाला जळून भोकं पडल्यात. हनुवटीखाली भाजल्याचा डाग हाय. अन् जीभ बघ, दातात धरलीय."

ढालीच्या आत माझी जीभ दातात होती. काम करताना ती तशीच असते, पण ते कोणी कधी पाहिलेलं नाही. हनुवटीखालचा डाग कारखान्यात ठिणगी उडून पडलेला. माय काळजी करील म्हणून तिच्यापासून लपवलेला.

खरं सांगू? तिला किसनच दिसू द्यावा, असं वाटून गेलं. इतक्या वर्षांनी तिचा पोरगा आला होता, तो मी कसा हिसकावून घेऊ? पण मलाही माझी माय हवी होती. मी ढाल खाली ठेवली.

"माय, त्यो किसन न्हाय. म्या हाय, सिधू."

मी जवळ गेलो. तिनं माझा चेहरा चाचपला. बोट हनुवटीखाली आलं आणि तिथंच थांबलं.

"एवढा मोठा झालास," ती म्हणाली, "अन् मला कुनी सांगितलं न्हाय."

मी रडलो. कमळही रडली.

त्या रात्री मायचे डोळे असे चुरचुरले, की त्यांवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवाव्या लागल्या. काचेशिवाय बघणाऱ्या वेल्डरला होतं, अगदी तसंच. उस्मानाबादच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याची वरची कातडी पोळते, म्हणाले, पण दिसणं शक्य नाही. डागाचं तू मायला बोललीस का, असं मी कमळला विचारलं. ती नाही म्हणाली, आणि ती खोटं बोलणारी नव्हे. आणि मुख्य म्हणजे... मायच्या जागी डोळस माणूस असता, तरी त्याला ढालच दिसली असती, मागचा चेहरा नाही.

आता माझी मुलगी पुण्यात इंजिनिअर आहे. ती म्हणते, "बाबा, तुमचा तो वेल्डिंगचा उजेड म्हणजे प्लाझ्मा. हवा इतकी तापते, की तिच्यातूनच करंट वाहतो." ट्यूबलाइटमध्ये प्लाझ्मा, जाड पत्रा कापायला प्लाझ्मा, मोबाइलच्या चिपा बनवायला प्लाझ्मा, आता तर न भरणाऱ्या जखमांवरसुद्धा म्हणे तोच धरतात. मी सगळं ऐकून घेतो. मग मायचं विचारतो... तेव्हा ती चहा टाकायला उठते.

मायला नंतर कधीच काही दिसलं नाही. दोनदा मुद्दाम तिच्यासमोर वेल्डिंग केलं, तिचे डोळे बांधून अन् मग न बांधता. काही नाही. किसनची वाट ती शेवटपर्यंत पाहत राहिली.

पण त्या संध्याकाळनंतर मी पहिल्यांदा ड्युटीवरून आलो, दारात पाऊल वाजलं आणि मायनं हात उचलला. तो कमरेशी थांबला नाही. सरळ वर आला, माझ्या चेहऱ्यापर्यंत.