सांख्यिकीचा राहिलेला पेपर

टेंभुर्णीत मी कॉमर्सच्या मुलांची शिकवणी घ्यायचो. दारावरच्या बोर्डावर माझ्या नावापुढं ठळक 'बी.कॉम.' रंगवून घेतलं होतं. खरं तर माझा सांख्यिकीचा एक विषय राहिला होता, आणि तो सुटल्याशिवाय विद्यापीठ पदवी देणार नव्हतं. तरी ज्यांचे विषय राहायचे, त्यांना मी तासभर उभं करायचो. एका मुलीवर तर सगळ्यांसमोर खेकसलो होतो, "दुसऱ्यांदा तोच पेपर! लाज वाटत न्हाई का?"

परीक्षेला जालन्याला गेलो, तर वर्गाच्या दारात तीच मुलगी. मी सुपरवायझर म्हणून आलोय असं समजून ती चटकन माझ्या पाया पडली. आणि मी निर्लज्जासारखा म्हणालो, "बराबर लिही." खिशातलं हॉलतिकीट हातानं आणखी खाली दाबलं.

घंटा झाली. मला तिच्या मागच्याच बाकावर बसावं लागलं. तीन तासांत तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

पेपर सुटल्यावर ती जिन्यात थांबली होती. टोमणा नव्हता, अगदी मनापासून विचारलं तिनं, "सर, मंग सोमवारी मी उभं राहायचं का?"