मावशीची फेक

वस्तू हातात देणं म्हणजे समोरच्याचा अपमान, असं मानणारी माझी मावशी ही पृथ्वीवरची एकमेव बाई असावी. ती फेकायची. लिंबू, साबणाची वडी, वर्तमानपत्र, स्कूटरची किल्ली, एकदा तर आख्खा कोबी. तारनाक्याच्या तिच्या घरी जेवताना पाहुण्याने लोणचं मागितलं की आम्ही घरचे लोक आधी आपापली वाटी झाकायचो. काकांच्या तर हे इतकं अंगवळणी पडलं होतं की देवळात तीर्थ घ्यायलाही ते गुडघे किंचित वाकवून उभे राहत. माझ्या लग्नात तिने शेवटच्या रांगेतून टाकलेल्या अक्षता नेमक्या नवरीच्या डोक्यावर पडल्या, मधल्या माणसांना एक दाणा लागला नाही. "हातात दे की गं, काय पोरकटपणा लावलीस!" असं माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, एकदा वैतागून म्हणाली. "नक्को ताई. हातात आजारी माणसाला देतेत. तू झेल!" असं म्हणून मावशीने तिच्याकडे नारळ फेकला.

कॉलेजात ती थ्रोबॉल, बास्केटबॉल, खो-खो आणि भालाफेक या सगळ्यांत होती. एक सामना संपवून धापा टाकत दुसऱ्या मैदानावर पळायची आणि वाटेतच बूट बदलायची. त्या गडबडीत एकदा दोन पायांत दोन वेगळे बूट घालून खेळली आणि जिंकून आली. पुढे शाळेत नोकरी लागली ती मात्र भूगोलाची. "सध्या भूगोल शिकवा, मैदानाचं नंतर बघू," असं तिला सांगण्यात आलं. मुलींचा एक संघ आपल्या हातून तयार व्हावा, एवढीच तिची इच्छा होती. ते 'नंतर' दरवर्षी पुढे ढकललं गेलं. मैदानात शाळेच्या बस उभ्या राहू लागल्या, खेळाचे सर आले नि गेले, आणि मावशी भूगोलच शिकवत राहिली. अर्थात तिच्या पद्धतीने. तपासलेल्या वह्या फळ्यापासून ज्याच्या त्याच्या बाकावर जायच्या. पृथ्वीचा गोल टेबलावर बसलेला तिला खपत नसे, तोही ती मुलींकडे भिरकावायची. एकदा नेमके मुख्याध्यापक दारातून आत आले आणि पृथ्वी त्यांनाच झेलावी लागली. "मॅडम, ही शाळा आहे, मैदान नव्हे," ते म्हणाले. "हौ सर, त्याचंच तर वाईट वाटतंय," मावशी म्हणाली. हा किस्सा ती इतकी हसत सांगायची की ती खरंच वाईट वाटल्याचं सांगते आहे, हे आमच्या कधी ध्यानातच आलं नाही.

गेल्या वर्षी खेळाचे सर मध्येच नोकरी सोडून गेले आणि निवृत्तीच्या तोंडावर आलेल्या मावशीकडे मुलींचा थ्रोबॉलचा संघ आला. हिमायतनगरच्या बाजारात जाऊन तिने नवे बूट आणले, शिट्टी आणली. काकांनी आम्हाला पेढे दिले. उजवा खांदा तोवर पार धरला होता, वेणी घालायलाही हात वर जात नव्हता, पण हे तिने शाळेत कळू दिलं नाही. पहिल्याच दिवशी फेक दाखवायला तिने चेंडू उचलला आणि तो जाळीपर्यंतही न पोचता पुढ्यात पडला. मुली हसल्या नाहीत. एकीने तो उचलला, जवळ आली आणि हळूच तिच्या हातात दिला.

"हसल्या असत्या तर चाललं असतं रे," मावशी मला म्हणाली. "हातात आणून दिला की तिनं!"

आठवड्याभरात तिने शिट्टी परत केली. तोंडाने सांगूनही शिकवता येतं, असं मी परोपरीने समजावलं, पण ती बधली नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं. हा संघ तिला हात धड असताना मिळायला हवा होता.

परवा काकांची स्कूटर न्यायला गेलो. सवयीने खालूनच हाक मारली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीकडे बघत दोन्ही हात पुढे केले. गॅलरीत कोणी आलं नाही. थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली. मावशी खाली आली, "घे," म्हणाली आणि तिने किल्ली माझ्या हातात ठेवली.

तिने वरून फेकलेली किल्ली मी आजवर कधी पडू दिली नव्हती. ही मात्र पडली.